भागीदारीतील कौशल्य प्रशिक्षण (गोवा)

कारखाना, हॉटेल किंवा गोदी चालवणाऱ्यांनी आयटीआय, तंत्रनिकेतन अशा संस्थांना आणि पंचायत, स्वयंसेवी संस्था, स्वयंसहाय्य गट यांसारख्या गावच्या मंडळींना सोबत घेऊन आपल्याला लागणारे कारागीर घडवण्याची पद्धत. पाया संस्था घालते, यंत्रावर हात कंपनीत बसतो. होतकरू मुले-मुली हेरणे आणि त्यांना टिकवून धरणे हे गावाकडे येते. करारपत्रात या तिसऱ्या कामाला जेमतेम दोन ओळी मिळतात.

कामातून शिकणे गोव्याला नवे नाही. सुतार, गवंडी मेस्ताच्या हाताखाली राहूनच तयार होत. 'मेस्त' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. घाटावरचा 'मिस्त्री' त्याचाच भाऊ. मेस्ताकडे ना मुदत ठरलेली, ना कागद. करार, मुदत आणि विद्यावेतन आले ते 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने. 2019 च्या नियमबदलानंतर 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसांच्या ठिकाणी ते ऐच्छिक. गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत लहान युनिटे पुष्कळ, त्यामुळे बरेच काही मालक आणि आयटीआयचे निदेशक (शिकवणारे) यांच्या ओळखीवर चालते.

वर्ग आणि कारखाना यांची सांगड घालणारी दुहेरी प्रशिक्षण पद्धत आयटीआयमध्ये 2016 पासून आहे. तिची गरज का पडते, हे फिटर ट्रेडमध्ये लगेच कळते. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात सुरुवातीचे दिवस कानस मारण्यात जातात. लोखंडाचा तुकडा घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तोच मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात गेला की आधी अंगठी-घड्याळ काढून ठेवतो, अंगभर गाऊन चढवतो आणि गोळ्यांच्या पॅकिंग मशीनचा पट्टा बदलला तर किती वाजता, का आणि कोणी बदलला ते त्याच क्षणी नोंदवहीत लिहितो. कानस वाया जात नाही, हाताला माप कळते ते तिच्यामुळेच. पण नोंदवहीची शिस्त कारखान्यातच अंगी लागते.

जहाजबांधणीत वास्कोची गोवा शिपयार्ड आणि हॉटेल व्यवसायात पर्वरीची हॉटेल व्यवस्थापन संस्था ही ठळक नावे. पेडणे तालुक्यात मोपा विमानतळासोबत स्थानिकांसाठी विमानतळाच्या कामाचे प्रशिक्षण केंद्र आले. जिथे जमिनी गेल्या, त्याच गावांत उमेदवार शोधायचे असल्याने तिथे गावच्या मंडळींचे वजन जास्त.

खाणपट्ट्यात मात्र ही पद्धत तोकडी पडते. 2012 साली आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांग्यातले ट्रकचालक, बार्जवरचे खलाशी, मशीन मेकॅनिक रिकामे झाले. हातात कसब होते, प्रमाणपत्र नव्हते. अठरा-वीस वर्षांच्या पोराला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या योजनेत चाळिशीतला, कर्जाचे हप्ते भरणारा माणूस विद्यावेतनावर बसेल कसा?

2023 मध्ये राज्य सरकारने अप्रेंटिसशिप धोरण आणून आपल्या खात्यांतही उमेदवार घेतले. सरकारी नोकरीची ओढ गोव्यात मुळातच मोठी असल्याने खाजगी कंपन्यांना ही नवीच स्पर्धा.

गळती बहुधा शिकवण्यात होत नाही, वाटेत होते. दूर सत्तरीतल्या वाळपईच्या मुलीला वेर्ण्यात दुसरी पाळी लागली, की घरचे पहिला प्रश्न पगाराचा करत नाहीत. रात्री सुटल्यावर बस कुठून, हे विचारतात. ज्या कंपन्या आपली बस गावाच्या तिठ्यापर्यंत नेतात, त्यांच्याकडे मुली टिकतात.