मंत्रचळाचा माग: कुत्र्याच्या पायापासून उंदराच्या मेंदूपर्यंत

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर), डॉक्टरला कळतो तो मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून. हात स्वच्छ झालेत हे कळतं पण मन मानत नाही, ही तक्रार बोलून दाखवावी लागते. उंदीर ती बोलून दाखवत नाही. म्हणून प्राण्यांवरचं हे सगळं संशोधन आजाराच्या एकाच बाजूवर उभं आहे: थांबता न येणारी कृती. मनात घोळणारा विचार त्यात हाताला लागत नाही.

सुरुवात औषधांपासून झाली. क्लोमिप्रामिन हे नैराश्यावरचं जुनं औषध मंत्रचळात उपयोगी पडतं, त्याच कुळातलं डेसिप्रामिन मात्र फारसं पडत नाही, हे दिसून आलं होतं. क्लोमिप्रामिनचा जोर सेरोटोनिनवर, म्हणजे चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या एका रसायनावर. साहजिकच संशय सेरोटोनिनवर गेला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी हीच औषधं कुत्र्यांना देऊन पाहिली. काही कुत्रे स्वतःचा पाय इतका चाटत राहतात की केस जाऊन तिथे उघडी जखम होते. क्लोमिप्रामिनने हे चाटणं कमी झालं, डेसिप्रामिनने नाही. माणसांत दिसलेला फरक कुत्र्यांतही तसाच निघाला.

पण औषध लागू पडलं म्हणजे बिघाडही तिथेच आहे, असं ठरत नाही. तापाच्या गोळीने ताप उतरतो, म्हणून गोळीच्या कमतरतेने तो चढला असं कोणी म्हणत नाही. त्याआधीच, १९८७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले होते. डोळ्यांच्या खोबण्यांवरचा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) आणि खोलवरचा कॉडेट हे भाग त्यात नेहमीपेक्षा जास्त ग्लुकोज खर्च करताना दिसले. कॉडेट हा स्ट्रायटमचा, म्हणजे मेंदूच्या खोलात कृती आणि सवयी सांभाळणाऱ्या पट्ट्याचा, भाग. कॉर्टेक्सकडून स्ट्रायटमकडे, तिथून थॅलॅमस या संदेश पुढे धाडणाऱ्या केंद्रामार्गे परत कॉर्टेक्सकडे असं एक चक्र मेंदूत चालतं, आणि मंत्रचळात ते अडकून फिरत राहतं, ही कल्पना पुढे रुजली.

डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचाही धागा होताच. कॅनडातल्या हेन्री शेख्टमन यांनी १९९८ मध्ये क्विनपिरोल हे डोपामिनसारखं काम करणारं रसायन उंदरांना वारंवार टोचलं. ते मोकळ्या मैदानात एक-दोन ठरावीक जागांकडे पुन्हापुन्हा परतू लागले. कुलूप लावलंय ना, हे तपासत राहणाऱ्या माणसासारखे.

खरं वळण आलं २००७ मध्ये, ड्यूक विद्यापीठात. गुओपिंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने सॅपॅप३ हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. हे प्रथिन ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा संदेश घेणाऱ्या सिनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्याच्या, बांधणीत असतं आणि स्ट्रायटममध्ये मुबलक आढळतं. चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत या उंदरांच्या तोंडावरचे केस गेले, कातडी सोलली गेली. कारण ते स्वतःच होते: अंग साफ करणं थांबतच नव्हतं. फ्लुओक्झेटिन हे सेरोटोनिनवर काम करणारं औषध वारंवार दिल्यावर ते कमी झालं. पण त्याहून मोलाचा पुरावा दुसरा. पिल्लांच्या फक्त स्ट्रायटममध्ये विषाणूच्या साहाय्याने ते जनुक परत घातलं, तर पुढे जखमा टळल्या. बिघाडाची जागा पहिल्यांदाच इतकी नेमकी सापडली.

२०१३ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन प्रयोग आले, आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध होते. सुझॅन अहमारी यांच्या गटाने धडधाकट उंदरांच्या ऑर्बिटोफ्रंटल भागातून स्ट्रायटमकडे जाणारे तंतू जनुकीय बदलाने प्रकाशाला प्रतिसाद देणारे केले आणि प्रकाशाने चेतवले. रोज काही मिनिटं, सलग काही दिवस. प्रकाश चालू असताना अंग साफ करणं लगेच वाढलं नाही. पण ते दिवसागणिक वाढत गेलं आणि प्रकाश बंद केल्यावरही टिकून राहिलं. उलट एमआयटीत एरिक बर्गिएर आणि अ‍ॅन ग्रेबिएल यांनी सॅपॅप३ नसलेल्या उंदरांच्या कपाळावर पाण्याचा थेंब टाकला, त्याआधी एक सूर ऐकवून. सामान्य उंदीर हळूहळू थेंब पडेपर्यंत थांबायला शिकले. हे उंदीर सूर कानी पडताच तोंड पुसायला लागत. त्यांच्या ऑर्बिटोफ्रंटल भागाच्या बाहेरच्या बाजूकडून येणारा मार्ग चेतवला, तेव्हा मात्र ते थांबले, कारण स्ट्रायटममधल्या लगाम घालणाऱ्या चेतापेशी जाग्या झाल्या. मला यात विरोध वाटत नाही. तंतू वेगळे, चेतवण्याची पद्धत वेगळी, आणि कॉर्टेक्स हा काही एकसंध गोळा नव्हे.

तरी सिनॅप्समध्ये नेमकं काय बिघडतं, हे उरलंच होतं. २०१६ मध्ये ड्यूकच्याच निकोल कॅलाकोस यांच्या गटाने एमग्लूआर५ या ग्लुटामेट ग्राहकाकडे, म्हणजे ग्लुटामेटचा संदेश टिपणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाकडे, बोट दाखवलं. सॅपॅप३ नसलं की हा ग्राहक वाजवीपेक्षा जास्त सक्रिय राहतो, आणि स्ट्रायटममधल्या, हालचालीला वाट मोकळी करून देणाऱ्या चेतापेशी जास्त चालतात. तो रोखला की उंदरांचं अंग साफ करणं आणि चिंता दोन्ही लगेच उतरतात. निरोगी उंदरांत तो वाढवला, तर तीच लक्षणं उमटतात.

माणसांत मात्र गाडी तिथवर गेली नाही. एमग्लूआर५ रोखणारं मॅव्होग्लुरँट नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ओसीडीच्या रुग्णांना जोडीला देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसेना, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली. निकाल २०१७ मध्ये छापून आला. एकच प्रथिन काढून घेतलेला उंदीर आणि वर्षानुवर्षं औषधं घेतलेला रुग्ण यांच्यात अंतर मोठं आहे, तेव्हा एवढ्यावरून ग्राहकाला निर्दोष ठरवणंही घाईचंच.