तारीख मिळाली म्हणजे स्टे मिळाला असं नाही

"स्टे मिळालाय, पुढच्या महिन्यापर्यंत काय करता येत नाय त्यांना." हे वाक्य विटा असो, तासगाव असो की इस्लामपूर, कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर हमखास ऐकू येतं. आणि खोलात गेलं की कळतं वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला, साहेबांनी मंजूर केला, पुढची तारीख पडली. बास.

तारीख काय असते ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर १७ प्रमाणं सबळ कारण लागतं, कॉस्ट म्हणजे खर्चाचा भुर्दंड बसू शकतो, आणि सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं कायद्यातच लिहिलंय (हसू नका). "वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत" हे कारण चालत नाही हेपण तिथंच लिहिलंय, तरी निम्मे अर्ज त्याच कारणाचे असतात, मला त्याचा जाम राग येतो. आजारी असाल तर दाखला लावा आणि खरं ते लिहा.

आता मुद्दा. मुदत मिळाली की फक्त कोर्टातलं त्या दिवसाचं काम थांबतं, शिवारातलं काही थांबत नाही. समजा शेजारी बांध कोरून कॉलम उभे करतोय, तुम्ही दावा टाकलाय, मनाईचा अर्ज म्हणजे निशाणी ५ अजून पेंडिंग आहे, आणि युक्तिवादाच्या दिवशी तुमच्याच वकिलांनी मुदत मागितली, तर तोपर्यंत त्याचा स्लॅब पडला तरी त्यानं कोर्टाचा कुठलाच हुकूम मोडलेला नसतो, कारण हुकूमच नाही! स्टे किंवा मनाई म्हणजे माणसाचे नाहीतर खालच्या कोर्टाचे हात बांधणारा लेखी आदेश, तो वेगळा मागावा लागतो आणि वेगळा मिळतो.

याहून वाईट म्हणजे "पुढील तारखेपर्यंत जैसे थे" असा आदेश हातात असतो, त्या तारखेला मुदत मिळते आणि "अंतरिम आदेश पुढे चालू" हे लिहून घ्यायचं राहून जातं, मग तारीख पुढे गेली पण आदेश तिथंच संपला. मुदत मागताना त्याच अर्जात आदेश चालू ठेवायची विनंती घाला आणि नंतर रोजनामा (कोर्टाची त्या दिवसाच्या कामाची नोंद) स्वतः वाचा, तोंडी "झालं झालं" वर जाऊ नका.

अपिलाचंही तेच. अपील दाखल केलं म्हणजे डिक्रीला (दाव्यातल्या हुकूमनाम्याला) आपोआप स्टे मिळत नाही, सीपीसीच्याच ऑर्डर ४१ नियम ५ मध्ये स्पष्ट आहे. समोरच्यानं दरखास्त (डिक्रीची अंमलबजावणी मागणारा अर्ज) टाकली की बेलिफ दारात येणार. स्टेसाठी मोठं नुकसान होईल हे दाखवावं लागतं, उशीर केलेला नसावा लागतो, वर जामीन द्यावा लागतो, पैशाची डिक्री असेल तर बऱ्याचदा रक्कम भरायला लावतात. मुदतीच्या अर्जाला यातलं काही लागत नाही, म्हणून तो लवकर मंजूर होतो आणि लोकांना वाटतं मोठं काहीतरी मिळालं.

बरं, मुदत आणि स्टे हे दोन्ही एकत्र येतात ती जागा एकच. "आम्ही वर गेलोय" म्हणून खालचं कोर्ट स्टेची ऑर्डर आणायला एखाद-दुसरी तारीख देतं, पण ती मेहरबानी आहे, ऑर्डर आली नाही तर काम पुढे चालतं, मग "नो क्रॉस" झालं, म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची संधी गेली म्हणून रडायचं नाही. आणि मुंबई लांब पडते हे कारणही आता नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, सांगली-सातारा दोन्ही त्यातच येतात. स्टे खरंच मिळाला आणि सहीची नक्कल यायला वेळ असेल, तर अपिलातल्या स्टेबद्दल तुम्हाला स्वतःला माहिती आहे असं ॲफिडेव्हिट दरखास्त कोर्टात देता येतं, नक्कल येईपर्यंत कोर्टाला त्यावर काम थांबवावं लागतं.