ईआर डायग्राम आणि यूएमएल
डेटाबेसमध्ये काय काय साठवायचं अन् त्या गोष्टींचं आपसात नातं काय, हे दाखवणारं चित्र म्हणजे ईआर (एन्टिटी-रिलेशनशिप) डायग्राम. यूएमएल (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज) ही पूर्ण सॉफ्टवेअरची चित्रं काढायची भाषा, तिच्यात १४ प्रकारच्या आकृत्या, त्यातली क्लास डायग्राम (क्लास म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींचा साचा) तेवढी ईआरसारखी दिसते म्हणून लोकं दोन्ही एकच समजतात. सोयरीक आहे खरी. ईआर मॉडेल पीटर चेननं १९७६ मध्ये मांडलं, त्यातलं बरंच १९९१ च्या रम्बॉच्या ओएमटी या सॉफ्टवेअर आखायच्या पद्धतीत आलं, मग रम्बॉ, बूच अन् जेकबसन यांच्या पद्धती एकत्र होऊन यूएमएल झाली, अन् ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती १९९७ मध्ये मान्य केली.

आता सातबाराच घ्या. वऱ्हाडात एका खातेदाराची वावरं दोन-तीन गटांत, अन् एका गटात भाऊ, बहीण, काकू मिळून पाच जण सामाईक. ईआरमध्ये खातेदार एक चौकोन, गट एक चौकोन, मधात नात्याचा शंकरपाळा, दोन्हीकडे 'अनेक'. मग काकूचे दोन एकर, म्हणजे सातबाऱ्यावरचे ०.८१ हेक्टर, लिहायचे कुठे? काकूच्या चौकोनात लिहा तर तिचे गट तीन, गटाच्या चौकोनात लिहा तर मालक पाच! हिस्सा त्या नात्याचा आहे, म्हणून तो शंकरपाळ्यालाच जोडायचा, टेबलं करताना त्याचं तिसरं टेबल होते. यूएमएलमध्ये त्या जागी असोसिएशन क्लास, म्हणजे नात्याचाच वेगळा चौकोन, नात्याच्या रेषेला तुटक रेषेनं लटकवलेला. अन् हेच नातं गटाकडून वाचलं की सातबारा, खातेदाराकडून वाचलं की आठ-अ.

फेरफार आला की ईआरचं काम संपते. यूएमएलमधल्या क्लासच्या चौकोनात ऑपरेशनचा, म्हणजे त्या गोष्टीनं करायच्या कामांचा, वेगळा कप्पा असतो, ईआरमध्ये तो नाहीच. तलाठ्यानं नोंद घेतली, नोटीस निघाली, मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केली, हा क्रम दाखवायला यूएमएलची सिक्वेन्स डायग्राम लागते.

कीच्या, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखू येणाऱ्या खुणेच्या, बाबतीत मात्र ईआर सरस. गट नंबर ४५ शेजारच्या गावातही असतो, म्हणून गाव अन् गट नंबर दोन्ही मिळून की, ईआरमध्ये दोन्हीखाली रेघ मारली की झालं. यूएमएलमध्ये ऑब्जेक्टला स्वतःची ओळख असतेच असं धरलेलं, फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कीला) तर ठरलेलं चिन्हच नाही, मग जो तो आपापलं स्टिरिओटाइप, म्हणजे स्वतः ठरवलेलं लेबल, चिकटवतो अन् दुसऱ्याला ते समजावून सांगत बसतो.