संत्र्याच्या रसाला करंट दिला की नेमकं काय होतं?

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या लेडीज ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला, की आता कंपन्या ज्यूसला हजारो व्होल्टचा करंट देऊन बाटल्या भरतात, तो करंट रसात तसाच राहतो आणि प्यायला की हृदयाचे ठोके बिघडतात, सावध रहा, दहा जणांना पाठवा. त्याच्याखाली लगेच एका ताईंनी लिहिलं की म्हणूनच आमच्या घरी फक्त कोल्ड प्रेस्ड ज्यूस येतो, त्यात सगळं जिवंत असतं. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं होईना, आणि ग्रुपवर लिहायला घेतलं तर ते इतकं लांबलं की शेवटी इथे टाकतेय.

करंट देतात हे खरं आहे. हजारो व्होल्ट हेही खरं. रसात तो राहतो हे मात्र साफ खोटं, कारण रस हा मिठाच्या पाण्यासारखा वाहक असतो आणि वाहकात चार्ज साठून राहत नाही, सप्लाय बंद झाला की त्याच क्षणी विषय संपला. मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्या मेसेजची. कोल्ड प्रेस्ड म्हणजे रस दाबून काढलाय, गरम केलेला नाही, एवढंच. नुसत्या कोल्ड प्रेसिंगमध्ये जंतू मारायची कुठलीही पायरी नसते, तेव्हा "सगळं जिवंत" मध्ये जंतूही आले. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जंतूच्या ओ१५७ नावाच्या घातक जातीची साथ आली, एक लहान बाळ दगावलं, आणि त्यानंतर २००१ मध्ये तिथल्या एफडीएने नियमच केला की रस विकायचा तर त्यातले धोकादायक जंतू लाखपटीने कमी करून दाखवा, म्हणजे एक लाख असतील तर एक उरला पाहिजे. कसे कमी करायचे ते तुम्ही ठरवा. या "कसे" मुळेच उष्णता न वापरणाऱ्या तंत्रांना बाजारात जागा मिळाली.

आता उष्णता वाईट आहे का? अजिबात नाही. दूध ७२ अंशावर १५ सेकंद ठेवलं की रोग पसरवणारे जंतू मरतात आणि दुधाचं फार काही बिघडत नाही. संत्र्याचं तसं नाही. संत्र्याचा जो वास आहे ना, साल सोलली की हाताला दोन तास राहतो तो, तो हलक्या, पटकन उडून जाणाऱ्या रेणूंचा असतो. रस ९० अंशापुढे नेला की त्यातले काही उडतात, काही बदलतात आणि एक शिजका वास मागे राहतो. आणि गंमत अशी की ९० अंश लागतात ते जंतूंसाठी नव्हेच, जंतू त्याच्या बऱ्याच आधी मरतात. रसात पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते तसंच राहिलं तर रस फाटल्यासारखा होतो, खाली गाळ आणि वर पातळ पाणी, आणि त्याला बंद पाडायला एवढी उष्णता लागते. हे एन्झाइम लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तर करंट. याला पल्स्ड इलेक्ट्रिक फील्ड म्हणतात, आणि माझ्या मते अन्नप्रक्रियेतली सगळ्यात सुंदर फिजिक्स इथे आहे. जंतूची पेशी म्हणजे आत खारट पाणी, बाहेर खारट पाणी आणि मध्ये पाच-सहा नॅनोमीटर जाडीचा चरबीचा पडदा. पाणी वाहक, चरबी इन्सुलेटर. बारावीच्या पोरांना विचारा, दोन वाहकांमध्ये इन्सुलेटर ठेवला तर काय तयार होतं? कपॅसिटर! म्हणजे प्रत्येक जंतू हा एक इवलासा कपॅसिटर आहे. अशा पेशीला बाहेरून विद्युत क्षेत्र लावलं की आतले आणि बाहेरचे आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, सरकतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबतात, आणि अख्ख्या पेशीवर जो व्होल्टेजचा उतार पडायला हवा होता तो सगळा त्या पातळ पडद्यावर येऊन पडतो.

किती पडतो, याचं सूत्र फार साधं आहे. गोल पेशी धरली तर इलेक्ट्रोडच्या (ज्यातून करंट देतात त्या धातूच्या पट्टीच्या) समोरच्या टोकाला पडद्यावरचं व्होल्टेज = १.५ × पेशीची त्रिज्या × विद्युत क्षेत्र. आणि पडदा साधारण एक व्होल्टच्या आसपास हार मानतो. एक व्होल्ट! टॉर्चच्या सेलपेक्षा कमी. पण तो एक व्होल्ट पाच नॅनोमीटरवर आहे हे बघा, म्हणजे मीटरला २० कोटी व्होल्ट, आणि हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. आता हिशोब करा. जंतूची त्रिज्या अर्धा मायक्रॉन धरली, म्हणजे ०.००००५ सेंटीमीटर, तर एका व्होल्टसाठी क्षेत्र लागतं सेंटीमीटरला सुमारे १३,३०० व्होल्ट. यीस्टची पेशी मोठी, त्रिज्या तीन मायक्रॉन धरा, तिला २,२०० पुरतात. आणि बटाट्याची किंवा फळाची पेशी, त्रिज्या ५० मायक्रॉन, तिला फक्त १३३! पेशी जितकी मोठी तितकी ती लवकर फुटते. म्हणून प्रत्यक्षात जंतू मारायला सेंटीमीटरला २० ते ४० हजार व्होल्ट वापरतात आणि बटाट्याला हजाराच्या आसपास. युरोपात फ्रेंच फ्राईजच्या कारखान्यांत बटाटे कापायच्या आधी असा झटका देतात, पेशी सैल झाल्यामुळे सुरी सहज जाते आणि काप तुटत नाहीत. एकाच सूत्रातून बटाट्यापासून बॅक्टेरियापर्यंत सगळ्याचं उत्तर निघतं, हे मला दर वर्षी वर्गात सांगताना तितकंच भारी वाटतं.

पडदा फुटतो म्हणजे काय होतं तेही बघू. त्या चरबीच्या रेणूंचं डोकं पाण्याकडे असतं आणि शेपट्या आत लपलेल्या. क्षेत्र वाढलं की पाण्याचे रेणू एकामागे एक आत घुसतात, पडद्याच्या आरपार पाण्याचा एक धागा तयार होतो, मग चरबीची डोकी वळून त्या धाग्याभोवती येतात आणि भोक पक्कं होतं. झटका लहान असेल तर कणकेत बोट घालून काढल्यावर खळगा हळूहळू भरतो तसं ते भोक काही वेळाने बुजतं आणि पेशी जगते. मधल्या काळात उघड्या भोकातून आत काहीही सोडता येतं! १९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच उंदराच्या पेशींमध्ये जनुक घातलं, आणि आज जगभरच्या बायोटेक लॅबमध्ये इलेक्ट्रोपोरेशन, म्हणजे असं विजेने भोकं पाडणं, हे रोजचं काम आहे. कॅन्सरच्या काही गाठींमध्ये औषध पेशीत शिरावं म्हणूनही डॉक्टर हे वापरतात. झटका मोठा असेल तर भोकं बुजत नाहीत, आतले आयन आणि एटीपी (पेशीचं इंधन) बाहेर गळतात आणि जंतू मरतो.

हे सगळं होत असताना रस उकळत का नाही? कारण पडदा चार्ज व्हायला मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, म्हणून झटकाही काही मायक्रोसेकंदांचाच देतात. सप्लायमधून आधी मोठे कपॅसिटर भरून घ्यायचे आणि मग क्षणात मोकळे करायचे, आणि रस दोन इलेक्ट्रोडमधल्या अरुंद फटीतून वाहत असतो. फट अर्धा सेंटीमीटर असेल तर सेंटीमीटरला ३० हजारासाठी १५ हजार व्होल्ट पुरतात. रस थोडा कोमट होतो हे खरं, लिटरला १०० किलोज्यूल दिले तर २४ अंशांनी चढतो, लिटरभर पाणी एक अंश तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, कुणीही त्याने भागून बघावं, म्हणून नंतर लगेच गार करतात. तेव्हा "नॉन-थर्मल" म्हणजे उष्णता शून्य असं नाही, मारायचं काम उष्णता करत नाही, इतकंच. अजून एक भानगड बुडबुड्यांची. हवा सेंटीमीटरला ३० हजार व्होल्टलाच फुटते, म्हणजे आपण वापरतो तेवढ्यालाच, तेव्हा रसात हवेचा बुडबुडा राहिला की आत ठिणगी पडते आणि इलेक्ट्रोड खराब होतो. त्यामुळे रसातली हवा आधी काढून घ्यावी लागते.

आता मर्यादा, कारण जाहिरातवाले त्या सांगत नाहीत. जंतूंचे बीजाणू, म्हणजे वाईट काळात तग धरायला त्यांनी घेतलेलं झोपलेलं रूप, या झटक्याला दाद देत नाहीत, त्यांचं कवच जाड आणि आतला भाग कोरडा. संत्र्याचा रस आंबट असल्यामुळे वाचतो, ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये बॉट्युलिझम नावाची घातक विषबाधा करणारे बीजाणू उगवत नाहीत, पण दूध किंवा डाळीच्या सूपला हा भरवसा नाही. कावीळ ए सारख्या विषाणूंना तर चरबीचा पडदाच नसतो, मग फाडणार काय? आणि ते मघाचं एन्झाइम नुसत्या झटक्याने पूर्ण बंद पडत नाही, म्हणून बरेचदा रस थोडा कोमट करूनच झटका देतात. त्यामुळे अशी बाटली फ्रिजमध्येच ठेवायची असते. कुठे "न तापवलेला, प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं लिहिलेली बाटली दुकानात बाहेर उन्हात ठेवलेली दिसली, त्यातही आपल्याकडच्या ४५ अंशात, तर ती घेऊ नका.

बाकीच्या तंत्रांचं थोडक्यात. हाय प्रेशरमध्ये भरलेली बाटली पाण्याच्या टाकीत ठेवून ६०० मेगापास्कलपर्यंत दाबतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला जवळपास ६ हजार किलो, मारियाना खंदकाच्या तळाच्या पाचपटीहून जास्त. बाटली फुटत नाही कारण दाब सगळीकडून सारखा येतो, आठवीतला पास्कल आठवा. बर्ट हाइट यांनी १८९९ मध्येच वेस्ट व्हर्जिनियात दुधावर हे करून बघितलं होतं, पण बाजारात पहिले पदार्थ आले १९९० मध्ये, जपानमध्ये, जॅमच्या रूपात. कोल्ड प्लाझ्मा (विजेने आयन तयार केलेला थंड वायू) आणि यूव्ही पृष्ठभागावर चांगलं काम करतात, गढूळ रसात आतपर्यंत पोचत नाहीत. आणि गॅमा किरणं दिलेलं अन्न किरणोत्सारी होतं हा अजून एक जुना गैरसमज, तसं काही होत नाही. लासलगावच्या केंद्रात किरणं दिलेला आपला हापूस २००७ मध्ये अमेरिकेला गेला.

"जिवंत एन्झाइम" वाल्यांना एकच सांगते, संत्र्याचं एन्झाइम संत्र्याच्या कामाचं, आपल्या पोटात गेलं की ते बाकी प्रथिनांसारखंच पचून जातं. आणि काही सेकंदांच्या उष्णतेने व्हिटॅमिन सी फारसं जात नाही, खरा फटका बसतो तो हवेचा आणि साठवणुकीचा. न तापवलेल्या रसाचा फायदा चवीत आणि वासात आहे, तो मोठाच आहे, त्याला औषध बनवायची गरज नाही.

आपल्या नागपुरी संत्र्याची मात्र एक वेगळीच अडचण आहे, आणि ती कुठल्याही झटक्याने सुटत नाही. नागपूरच्या कळमना बाजारात सीझनला चुरीचे, म्हणजे बारीक संत्र्यांचे, ढीग बघितले की प्रत्येकाला वाटतं याचा ज्यूस का नाही करत. संत्र्याच्या बिया, पांढरे धागे आणि फोडीच्या पापुद्र्यात लिमोनिन या कडू पदार्थाचा एक पूर्वरेणू (ज्यापासून तो बनतो असा रेणू) असतो, तो स्वतः कडू नाही, म्हणून फोड खाताना काही जाणवत नाही. रस काढला की तो आंबटात मिसळतो, आणि काही तासांत आम्ल आणि एक एन्झाइम मिळून त्याचं लिमोनिन करतात, जे १० लाखांत सहा भाग असलं तरी जिभेला कडू लागतं. उष्णता दिली तर हे आणखी जोरात होतं, न दिली तरी आम्ल आपलं काम करतच राहतं. जंतू एकही नसला तरी रस कडू होणार. म्हणून रस काढताना बी फुटू द्यायची नाही, गर लवकर गाळून वेगळा करायचा आणि पुढे रेझिनच्या कॉलममधून, म्हणजे कडू रेणू धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या नळीतून, रस नेऊन लिमोनिन शोषून घ्यायचं हे मार्ग आहेत. रस जास्त निघावा म्हणून अख्ख्या फळालाच झटका द्यायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर त्याने आधी बिया आणि पांढऱ्या धाग्यांकडे बघावं, कारण सेंटीमीटरला १३३ व्होल्टचा हिशोब त्यांच्या पेशींनाही लागू आहे.

हे घरी करून बघता येतं. अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या सुमारास येणारी) चार संत्री घ्या, त्यातली तीन बियांसकट मिक्सरमध्ये फिरवा, गाळा आणि तीन ग्लास भरा. एक लगेच चाखा, दुसरा उकळून गार करून चाखा, तिसरा झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी चाखा, मग चौथ्या संत्र्याची फोड खाऊन फरक पोरांना सांगायला लावा.