अनेक टेबलांतील ओळींची एकत्र मोजणी: एसक्यूएलमधील पार्श्वभूमी

वेगवेगळ्या टेबलांतील ओळी मोजून त्यांची एक बेरीज काढणे हे काम आज एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील एकाच क्वेरीत (म्हणजे प्रश्नात) उरकते. परंतु ज्या सिद्धांतावर ही भाषा उभी राहिली, त्यात मोजणीला मुळात स्थानच नव्हते. आयबीएममध्ये संशोधन करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल प्रारूप, म्हणजे डेटा टेबलांच्या रूपात मांडण्याची पद्धत, मांडले, तेव्हा त्यांनी टेबलाकडे गणितातील संच म्हणून पाहिले. संचात एकच घटक दोनदा येत नाही. त्यांनी पुढे मांडलेल्या बीजगणितात संयोग, छेद, निवड, जोड अशा क्रिया होत्या. ओळींची गणना किंवा बेरीज नव्हती. गणनेसारख्या क्रियांना त्या चौकटीत सामावून घेणारी काटेकोर मांडणी संगणकशास्त्रज्ञ अँथनी क्लुग यांनी १९८२ मध्ये केली.

भाषा मात्र तोवर थांबली नव्हती. आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सिक्वेल ही भाषा मांडली. पुढे तिचीच एसक्यूएल झाली. गणना, बेरीज आणि सरासरीची फंक्शन्स तिच्यात पहिल्यापासून होती. साध्या निवडीत दुबार ओळी तशाच राहू द्यायच्या, असेही एसक्यूएलमध्ये ठरले, कारण त्या गाळण्यासाठी बहुधा सगळ्या ओळी क्रमाने लावाव्या लागत आणि तो खर्च मोठा होता. दोन निकालांच्या ओळी एकाखाली एक जोडणाऱ्या युनियन या क्रियेने मात्र संचाचा नियम पाळला आणि दुबार ओळी गाळणे हेच तिचे मूळ वर्तन राहिले. माझ्या मते, एकत्र मोजणीतील सर्वांत फसवी चूक या विसंगतीतूनच येते.

समजा, तीन टेबलांत अनुक्रमे ५००, ५०० आणि ८०० ओळी आहेत. प्रत्येकीचा फक्त आकडा काढून ते आकडे युनियनने जोडले, तर दोन ५०० एकसारखे दिसल्यामुळे त्यांतला एक गळतो आणि बेरीज १,८०० ऐवजी १,३०० येते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही, आणि तिन्ही आकडे वेगवेगळे असतील त्या दिवशी उत्तर बरोबरही येते. येथे दुबार ओळी न गाळणारे युनियन ऑलच हवे. आकड्याशेजारी टेबलाचे नाव घातले तरी ओळी वेगळ्या ठरतात व हा दोष उद्भवत नाही, पण तो केवळ योगायोगाचा आधार झाला.

आकडे एकत्र करून लगेच त्यांची बेरीज घेण्याची सोय एसक्यूएलच्या अधिकृत मानकात १९९२ च्या आवृत्तीने आणली. डेटा कोठून घ्यायचा हे सांगणाऱ्या फ्रॉम या भागात सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) लिहिता येऊ लागली, तसेच एकच मूल्य देणाऱ्या दोन सबक्वेऱ्यांमध्ये थेट अधिक चिन्ह घालता येऊ लागले. १९९९ च्या आवृत्तीत सबक्वेरीला सुरुवातीलाच नाव देऊन ठेवणारे विथ आले. प्रत्यक्ष उत्पादने बरीच मागे होती: मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत युनियन ४.० या आवृत्तीत, सबक्वेरी ४.१ मध्ये आणि विथ तर थेट ८.० मध्ये आले.

हे सगळे टाळून दोन टेबले जॉइनने (जुळणाऱ्या ओळींच्या जोड्या लावणाऱ्या क्रियेने) जोडून मोजण्याचा मोह अजूनही अनेकांना होतो. एका ग्राहकाच्या ३ मागण्या आणि ४ तक्रारी असतील, तर दोन्ही टेबले ग्राहक क्रमांकावर जोडल्यावर १२ ओळी तयार होतात; ७ नव्हेत. आधी प्रत्येक टेबल स्वतंत्रपणे मोजावे आणि मगच आकडे एकत्र आणावेत, हा क्रम म्हणूनच रूढ झाला.

एकाच क्वेरीत मोजण्याचा आणखी एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत एक क्वेरी डेटाची एकाच क्षणाची स्थिती पाहते, त्यामुळे सगळे आकडे परस्परांशी सुसंगत असतात. लागोपाठ चालवलेल्या स्वतंत्र क्वेऱ्यांमध्ये ती हमी आपोआप मिळत नाही. त्याची किंमतही आहे. प्रत्येक ओळ त्या क्षणी दृश्य आहे की नाही हे तपासावे लागत असल्याने मोठ्या टेबलाची अचूक गणना संथ होते, म्हणून अनेकजण पीजी_क्लास या सिस्टीम टेबलातील अंदाजे संख्येवर भागवतात. मात्र आवृत्ती १४ पासून, ज्या टेबलाची आकडेवारी अद्याप गोळा झालेली नाही त्याच्यासाठी तेथे -१ नोंदलेले असते, आणि ते वगळल्याशिवाय बेरीज केली तर अशा प्रत्येक टेबलामागे एकूण संख्या एकाने घटते.