माउझर ९८ : घडीव शिकारी रायफलचा पाया

एका शिकाऱ्याची अंगकाठी, त्याचे जनावर आणि त्याचा मुलूख पाहून गनस्मिथने, म्हणजे बंदुकीच्या कारागिराने, बांधलेल्या रायफलला घडीव रायफल म्हणतात. ती सहसा कोऱ्या लोखंडापासून बनत नाही. आधीची एखादी रायफल घेतात, तिची नळी, दस्ता, चाप आणि नेमाची साधने उतरवतात, आणि उरलेल्या अ‍ॅक्शनभोवती नवी रायफल उभी करतात. अ‍ॅक्शनमध्ये तीन गोष्टी येतात : नळी जिच्यात आटे पाडून बसते ती चौकट, म्हणजे रिसीव्हर, काडतूस आत ढकलणारा व मागून बंद करणारा बोल्ट, आणि खालचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी. नळी झिजली तर बदलता येते, दस्ता मोडला तर अक्रोडाचा दुसरा कोरता येतो. रिसीव्हर बिघडला तर मात्र रायफलच संपली. म्हणून मूळ रायफल निवडताना खरे तर रिसीव्हर निवडायचा असतो, आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या कामासाठी सर्वाधिक हाताळला गेलेला रिसीव्हर जर्मनीच्या माउझर ९८ चा आहे.

नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी पाउल माउझर (१८३८–१९१४) यांनी घडवलेली ही रायफल जर्मन सैन्याने ५ एप्रिल १८९८ रोजी स्वीकारली. तिच्या आधी माउझर यांनी स्पेनसाठी १८९३ चे आणि स्वीडनसाठी १८९६ चे मॉडेल केले होते. त्यांतल्या उणिवा काढत काढत ९८ तयार झाली. पुढे दोन महायुद्धांत आणि त्यांच्या मधल्या काळात जर्मनी, बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया अशा अनेक देशांत तिचे उत्पादन झाले. युद्धे संपल्यावर या रायफली भंगाराच्या भावात बाजारात आल्या. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत लष्करी माउझर कापून शिकारी रायफल करणे हा घरगुती छंदच होऊन बसला. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने लष्करी उरल्यासुरल्या शस्त्रांची आयात रोखली, तेव्हा या छंदाला लगाम बसला.

कारागिरांचा जीव या अ‍ॅक्शनवर जडला तो तिच्या बोल्टमुळे. बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम खुंट्या आहेत. हँडल खाली दाबले की त्या रिसीव्हरच्या खाचांत फिरून बसतात आणि गोळी सुटतानाचा सगळा दाब पेलतात. ९८ मध्ये मागच्या बाजूला तिसरी खुंटी दिली. ती एरवी भार घेत नाही; पुढच्या दोन निकामी झाल्याच, तर बोल्ट शिकाऱ्याच्या तोंडावर येऊ नये एवढ्यासाठी ती आहे. दुसरी गोष्ट एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस पकडून बाहेर खेचणाऱ्या भागाची. बोल्टच्या उजव्या अंगाला लांबलचक पोलादी पट्टी असते आणि तिच्या टोकाला आकडी. काडतूस मॅगझिनमधून वर सरकताच त्याची कड या आकडीखाली जाते आणि बाहेर फेकले जाईपर्यंत ती सुटत नाही. घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेऊन मागे ओढला, तरी ते काडतूस आतच राहून दुसरे त्यावर आदळत नाही. हरणाच्या शिकारीत ही सोय नसली तरी फारसे बिघडत नाही. जखमी रानरेडा झाडीतून अंगावर येत असेल, तर याच गोष्टीवर सगळे अवलंबून असते, आणि आफ्रिकेतले व्यावसायिक शिकारी आजही या पद्धतीचा आग्रह धरतात तो उगीच नाही.

फुटक्या काडतुसाचा विचारही माउझर यांनी केला होता. काडतुसाच्या बुडाची टिकली फुटली तर तप्त वायू बोल्टच्या पोकळीतून थेट मागे, डोळ्याकडे येऊ पाहतो. ९८ च्या बोल्टला खालच्या अंगाला दोन लांबट भोके आहेत. वायू त्यांतून निसटून डावीकडच्या खोबणीत वळतो. तरीही काही मागे आलाच, तर बोल्टच्या शेपटीकडच्या टोपणाची रुंद कड त्याला बाजूला ढकलते. १८९३ आणि १८९६ च्या मॉडेलांत ना तिसरी खुंटी आहे ना ही रुंद कड. स्वीडिश ९६ चे पोलाद आणि कारागिरी नावाजलेली आहे आणि ६.५ × ५५ मिमी काडतुसासाठी (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा) तो रिसीव्हर उत्तमच, पण आजच्या जास्त दाबाच्या काडतुसासाठी पाया म्हणून तो घेऊ नये.

आता धातू. माउझर ९८ चे रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचे होते. आतला गाभा मऊ आणि चिवट ठेवून वरचा पातळ थर तेवढा कडक करत. हा समतोल नीट साधलेला रिसीव्हर धक्का सोसतो, एकदम तडकत नाही. पण वरचा थर पुरेसा कडक झाला नसेल, किंवा कुणी पॉलिश करताना खाचांच्या आतून तो घासून काढला असेल, तर बोल्टच्या खुंट्या दर गोळीगणिक खाचेत किंचित रुततात. हे ओळखायची खूण हाताला कळते. रिकाम्या रायफलचे हँडल वर उचलताना सुरुवातीलाच अडखळल्यासारखे वाटते, कारण खुंटीला आपणच पाडलेल्या खड्ड्यातून वर चढावे लागते. सोबत हेडस्पेस वाढतो, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, काडतूस अडण्याची जागा यांतले अंतर जास्त होते, आणि पुंगळी ताणून फाटू शकते. गनस्मिथ जुनी नळी उतरवून, आत उजेड पाडून या खाचा पाहतो आणि संशय आला तर कडकपणा मोजून घेतो. ही तपासणी न करता नव्या नळीवर पैसे घालणारा माणूस जुगार खेळतो.

उलट चूक अमेरिकेत झाली. माउझरच्याच धर्तीवर बनलेल्या आणि ज्यासाठी अमेरिकन सरकारने माउझर कंपनीला २ लाख डॉलर मोजले त्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलचे सुरुवातीचे रिसीव्हर भट्टीत जास्त तापले आणि ठिसूळ झाले. स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० च्या खालचे आणि रॉक आयलंड या दुसऱ्या कारखान्याचे २,८५,५०७ च्या खालचे क्रमांक म्हणूनच पाया म्हणून बाद समजतात. जुन्या रायफलवरचा क्रमांक आधी वाचायचा आणि मग लाकडाचे कौतुक करायचे, हा क्रम या धंद्यात पक्का आहे.

सगळ्या ९८ सारख्या नाहीत, आणि इथेच नवखे फसतात. बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याने अर्जेंटिनासाठी केलेल्या १९०९ च्या मॉडेलला मॅगझिनचा तळ बिजागरीवर उघडतो आणि त्याची कळ चापाच्या कड्यात असते. महागड्या शिकारी रायफलवर हीच सोय हवी असते, त्यामुळे हे मॉडेल कारागिरांच्या खास आवडीचे झाले. चेक ब्रनो कारखान्याचे व्हीझेड २४ साधे, भक्कम आणि पूर्ण लांबीचे. डोंगरी तुकड्यांसाठी तिथेच बनलेल्या जी ३३/४० चा रिसीव्हर पुढे बारीक आणि वजनाला हलका, म्हणून पहाडी शिकारीच्या हलक्या रायफलसाठी तो शोधून काढतात. युगोस्लाव्ह एम ४८ स्वस्तात मिळे, पण तिचा बोल्ट नेहमीच्या ९८ पेक्षा सुमारे ६ मिमी आखूड आहे. नेहमीच्या ९८ चे बरेच सुटे भाग तिला बसत नाहीत आणि लांब काडतूसही तिच्यात अवघडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातल्या जर्मन रायफली घाईत बनलेल्या. अगदी नाइलाज असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. याच्या दुसऱ्या टोकाला, सर्व भागांवर एकच क्रमांक असलेली, मूळ अवस्थेतली लष्करी रायफल हाती लागली, तर ती कापणे हा माझ्या मते गुन्हाच आहे. संग्राहक तिचे जे मोल देतो, ते कापल्यानंतर कुठल्याही शिकारी रायफलला येत नाही.

युद्धानंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीने खास शिकारी रायफलींसाठी ९८ ची कोरी अ‍ॅक्शन विकली. स्वीडनच्या हुस्क्वार्नाने तिच्यावर आपल्या रायफली बांधल्या, अमेरिकेत ब्राउनिंगनेही. लष्करी रायफलला जे बदल पैसे मोजून करावे लागतात, ते हिच्यात मुळातच झालेले असतात. लष्करी हँडल वर उचलले की दुर्बिणीला आपटते, म्हणून ते कापून खाली वळवून डाकावे लागते. डाक देताना उष्णता बोल्टच्या मुळाशी पोचली, तर तिथला कडकपणा जातो. सेफ्टीचा, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणाऱ्या कळीचा, पंखही दुर्बिणीत अडतो, तोही बदलायचा. रिसीव्हरच्या मागच्या पुलावरचा काडतुसांची क्लिप लावायचा उंचवटा घासायचा, दुर्बिणीच्या पकडीसाठी भोके पाडून आटे करायचे, लष्करी दोन टप्प्यांचा चाप काढून नवा बसवायचा. या सगळ्याचा हिशेब मांडला की स्वस्त लष्करी रायफल महाग पडते. १९५० आणि १९६० च्या दशकांत मजुरी स्वस्त होती आणि रायफली त्याहून स्वस्त, तेव्हा गणित वेगळे होते.

काडतूस आधी ठरवावे आणि मग अ‍ॅक्शन, असा नियम आहे आणि त्यामागे लांबीचा साधा हिशेब आहे. ९८ मुळात ८ × ५७ मिमी काडतुसासाठी केली, ज्याची एकूण लांबी ८२ मिमी. .३०-०६ या अमेरिकन काडतुसाची जवळजवळ ८५ मिमी आहे. मॅगझिनमध्ये थोडी जागा करून ते बसते. .३७५ हॉलंड अँड हॉलंड ९१ मिमीच्या पुढे जाते आणि .४१६ रिग्बी ९५ मिमीच्या. एवढ्यासाठी नेहमीच्या रिसीव्हरचे पोट कोरत गेले, तर नेमक्या खुंटीच्या खाचेमागचेच पोलाद कमी होते. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने, जी त्या काळी ब्रिटनमध्ये माउझरची प्रतिनिधी होती, हे ओळखून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओबर्नडॉर्फकडून लांब मॅग्नम, म्हणजे मोठ्या व जोरदार काडतुसांची, अ‍ॅक्शन करून घेतली. .४१६ रिग्बी हे १९११ चे काडतूस तिच्यावरच उभे राहिले.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. मॅगझिनमध्ये काडतुसे एकाआड एक डावी-उजवीकडे रचली जातात. शेजारची तीन काडतुसे मागून पाहिली, तर त्यांच्या मध्यबिंदूंचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. म्हणून पेटीची आतली रुंदी काडतुसाच्या बुडाच्या व्यासाच्या साधारण १.८७ पट लागते. ८ × ५७ चे बूड जवळजवळ १२ मिमी, तेव्हा पेटी २२ मिमीच्या थोडी वर. बुडाशी कड्यासारखा पट्टा असलेल्या मॅग्नम काडतुसाचे बूड साडेतेरा मिमी, त्याला २५ मिमी. जुन्याच पेटीत ते कोंबले, तर काडतुसे एकावर एक सरळ चढू लागतात आणि वर येताना अडकतात. चांगला माउझर काडतुसे पाण्यासारखी गिळतो असे म्हणतात, त्यामागे ही भूमिती आहे. कारखान्यात प्रत्येक काडतुसासाठी ती वेगळी साधलेली असे. म्हणून ८ × ५७ च्या पायावर ७ × ५७, .३०-०६ किंवा त्याच बुडाचे दुसरे काडतूस घेणे हा शहाणपणाचा मार्ग.

माउझरला पर्याय आहेतच. विंचेस्टर मॉडेल ७० (१९३६) ने माउझरचीच आकडी ठेवून सेफ्टी आणि चाप सुधारले. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने ती आकडी काढली, तेव्हापासून त्याआधीच्या मॉडेल ७० ला वेगळाच भाव आला. रेमिंग्टन ७०० (१९६२) चा रिसीव्हर साधा गोल नळकांडे आहे. त्यामुळे तो लेथवर सहज सरळ करता येतो, दस्त्यातही नीट बसतो, आणि दूरच्या अचूक नेमासाठी बांधणारे बहुतेक लोक तोच घेतात. त्याचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या तोंडातली छोटीशी पट्टी. हरणासाठी, मेंढ्यासाठी ती पुरते. हत्ती-रेड्याच्या मागे जाणारा माणूस माउझरकडे वळतो.

भारतात या अ‍ॅक्शनचे नाव शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांच्याशी जोडलेले आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. ही .२७५ म्हणजे माउझरचेच ७ × ५७ काडतूस, ब्रिटिश नावाने. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मात्र दुसराच पाया आला. लष्करी .३०३ काडतूस नागरिकांना बंद असल्याने ऑस्ट्रियन ८ × ५० मिमी काडतूस .३१५ या नावाने रुळले, आणि ईशापूरच्या कारखान्याने त्यासाठी ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलच्या अ‍ॅक्शनवर स्पोर्टिंग रायफल बनवली. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या घरांत परवान्याची रायफल असलीच, तर ती बहुधा याच जातीची. ली-एनफील्डच्या खुंट्या बोल्टच्या मागच्या बाजूला असतात. गोळी सुटताना बोल्ट आणि रिसीव्हर दोन्ही किंचित ताणले जातात. मध्यम दाबाच्या .३१५ ला त्याने काही होत नाही, पण जोरदार काडतुसाची घडीव रायफल या पायावर बांधता येत नाही.

तशी ती इथे बांधण्याला फारसा अर्थही उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार बंद झाली. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे किंवा रोही मारायला वनखात्याची परवानगी लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही परवाना लागतो. आजोबांची माउझर वारशाने आलेली असली, तरी तिच्यावर कानस चालवण्याआधी हे वाचायला हवे. युरोपात मात्र हा धंदा चालू आहे : रिग्बी आणि माउझर ही दोन्ही नावे आता एकाच उद्योगसमूहात आहेत, आणि रिग्बीच्या नव्या रायफलींना पुन्हा जर्मनीहून कोऱ्या ९८ अ‍ॅक्शन येतात.