शालेय दवाखाना

शाळेच्या इमारतीत किंवा आवारात चालणारे आणि विद्यार्थ्यांना तपासून तिथेच उपचार देणारे आरोग्यकेंद्र. प्रथमोपचाराची पेटी, वर्षातून एकदा होणारी आरोग्य तपासणी किंवा पालक येईपर्यंत आजारी मुलाला झोपवून ठेवण्याची खोली यांपासून ते वेगळे धरावे लागते. दवाखान्यात निदान होते, औषध दिले जाते, त्याच मुलाला चार दिवसांनी पुन्हा बोलावले जाते आणि त्याचा केसपेपर ठेवला जातो.

उगम : पहिला शालेय दवाखाना कोणता, यावर एकमत नाही. तपासणी हा आरंभ मानला, तर मान यूरोपकडे जातो. ब्रेस्लाऊ (आताचे व्रोत्सवाफ) येथील नेत्रतज्ज्ञ हेर्मान कोन याने १०,०६० मुलांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इयत्ता वाढते तसे लघुदृष्टीचे प्रमाण वाढते, असे त्याला आढळले. शाळांसाठी डॉक्टर नेमण्याची पद्धत ब्रसेल्समध्ये १८७४ च्या सुमारास सुरू झाल्याचे सामान्यतः मानतात. बॉस्टनमध्ये १८९४ पासून व न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून वैद्यकीय निरीक्षक शाळांत जाऊ लागले. भारतात बडोदा येथे १९०९ मध्ये विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली.

या साऱ्यांचा मुख्य हेतू रोगी मूल हुडकून वेगळे काढणे हा होता. न्यूयॉर्कमध्ये खुपरी, खरूज, नायटा किंवा डोक्यातल्या उवा आढळल्या, की मुलाला चिठ्ठी देऊन घरी धाडत. उपचार कोणी करायचा, हे ठरलेले नसे. त्यामुळे मूल बरेही होत नसे आणि शाळेतही परतत नसे. समाजसेविका लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत प्रयोगादाखल नेमण्यात आले. तिने किरकोळ त्वचारोगांवर शाळेतच औषध लावायला सुरुवात केली आणि घरोघर जाऊन आयांना उवा काढण्याची, खरजेचे मलम चोळण्याची रीत दाखवली. रोगामुळे घरी धाडलेल्या मुलांची संख्या सप्टेंबर १९०२ मधील १०,५६७ वरून वर्षभरात १,१०१ वर आली, असे आकडे दिले जातात. दरम्यान शाळांची संख्या व तपासणीचे नियमही बदलल्यामुळे ही घट एकट्या परिचारिकेच्या खाती टाकता येत नाही. तरीही घटीचा मोठा भाग तिच्या कामाचाच असावा.

इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शालेय तपासणी हे स्थानिक शिक्षण प्राधिकरणांचे कर्तव्य ठरले. उपचार मात्र ऐच्छिक राहिला. ब्रॅडफर्डच्या शिक्षण समितीचा दवाखाना आणि मार्गारेट मॅकमिलन यांनी लंडनच्या बो भागात सुरू केलेला दवाखाना हे दोन्ही १९०८ मधले. काही लेखक त्याआधी १९०२ मध्ये अर्न्स्ट येसेन यांनी स्ट्रासबर्ग येथे स्थापन केलेल्या शालेय दंतचिकित्सालयाला अग्रमान देतात. पण तिथे फक्त दातांचे काम चाले. उपचार ही कसोटी लावली, तर परिचारिकेच्या कामापासून आरंभ मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

आधुनिक रूप : डॉक्टर किंवा निदान व उपचाराचे अधिकार असलेली प्रशिक्षित परिचारिका रोज उपलब्ध असणारे केंद्र प्रामुख्याने अमेरिकेत वाढले. मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज (१९६७), डॅलस (१९७०) आणि सेंट पॉल (१९७३) ही आरंभीची ठिकाणे. सेंट पॉलचा अनुभव बोलका आहे. तिथला माध्यमिक शाळेतील दवाखाना आधी गर्भारपण, गुप्तरोग व संततिनियमन एवढ्यापुरताच होता. आत जाणारी मुलगी कशासाठी जाते, हे बाहेरच्या सर्वांना कळे. त्यामुळे फारसे कोणी फिरकेना. पुढे खेळाडूंची तपासणी, लसीकरण, वजनविषयक सल्ला अशी कामे त्याच दारातून सुरू झाल्यावर वर्दळ वाढली. दवाखान्याची सेवासूची शक्य तितकी व्यापक ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

कार्यपद्धती : पालकांची लेखी संमती सत्राच्या आरंभीच घेतात. दम्याचा रुग्ण हे नेहमीचे उदाहरण. मैदानावर धाप लागलेले मूल बोलताना वाक्य पुरे करू शकत नाही. परिचारिका त्याला ताठ बसवते, नळीच्या साहाय्याने इनहेलरचे औषध देते आणि श्वास किती सुधारला हे पाहून रुग्णालयात पाठवायचे की वर्गात, हे ठरवते. खरा फायदा पुढे आहे. त्याच मुलाचे रोजचे प्रतिबंधक औषध ती आपल्यासमोर घ्यायला लावते आणि पुढचा झटका बऱ्याचदा टळतो. मानसिक आरोग्याचे समुपदेशन हा आता या केंद्रांच्या कामाचा मोठा हिस्सा आहे. दंतसेवा बहुधा ठरलेल्या दिवशी मिळते.

सर्वांत नाजूक भाग गोपनीयतेचा. वैद्यकीय नोंदी शाळेच्या दप्तरापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात; मुख्याध्यापकांनी विचारले तरी त्या दाखवायच्या नसतात. कोणत्या वयापासून व कोणत्या सेवेसाठी मुलाची स्वतःची संमती पुरते, याचे कायदे देशोदेशी भिन्न आहेत. प्रतीक्षेची बाके वर्गांच्या मार्गिकेसमोर नसावीत, ही साधी बाबही वापरावर परिणाम करते.

परिणाम : अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवाविषयक कृतिगटाने २०१५ मध्ये अल्प उत्पन्न गटांच्या वस्त्यांसाठी अशा केंद्रांची शिफारस केली. लसीकरण पूर्ण होणे आणि दम्यामुळे तातडीच्या विभागात न्यावे लागण्याचे प्रमाण घटणे, हे फायदे अभ्यासांतून पुढे आले. स्वेच्छेने येणारी मुले न येणाऱ्यांपेक्षा मुळातच वेगळी असू शकतात. म्हणून परीक्षेतील यशाशी जोडलेले दावे सावधपणे घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने शालेय आरोग्यसेवांविषयी मार्गदर्शक सूचना २०२१ मध्ये काढल्या.

मर्यादा : निधी अनेक ठिकाणांहून, तुकड्यातुकड्यांनी येतो. शाळा सोडलेली मुले, म्हणजे बहुधा सर्वांत गरजू मुले, या व्यवस्थेबाहेर राहतात. सुट्टीत दवाखानाही बंद असल्यास समुपदेशन मध्येच तुटते आणि दम्याचे रोजचे औषध समोर बसून देणारे कोणी उरत नाही. त्यामुळे काही केंद्रे सुट्टीतही ठरावीक दिवस उघडी ठेवतात किंवा जवळच्या रुग्णालयाकडे मुलांचे केसपेपर आगाऊ सोपवतात.